सातव्या पायरीवरचा खूर

आधी नाव लिहा. केसली. साखऱ्याजवळच्या तांड्यावरची केसली, धावजीची बायको, लखमा नाईकाच्या घराण्यातली सून, माझी आई. तिच्यावर अन्याय झाला. कवा झाला तेबी बराबर लिहा, कारण आमच्यासारख्यांच्या अन्यायाला कुणी दिवस-वार ठेवत न्हाई, कधीतरी काहीतरी झालं असंल म्हणतात आन् सोडून देतात. मोठ्या लढाईचं पाचवं वर्ष चालू व्हतं, होळी होऊन तिसरा दिवस, सूर्य कासराभर वर आलेला, पाहुण्यांच्या तीन मोटारी वडाखाली उभ्या, आन् माझ्या आईला तिच्याच घराण्यातल्या माणसानं खोदलेल्या बारवेच्या सातव्या पायरीवरून दोन पहारेकऱ्यांनी काखेत हात घालून उचललं, आन् तारेच्या कुंपणाबाहेर नेऊन टाकलं. अन्याय करणारांत तिसरा मी. माझं नाव रूपला. तेबी लिहा, गाळू नका.

आता मुळापासून सांगतो, न्हाईतर तुमाला वाटंल हा उगाच तापून राहिला. आमी लमाण. तुमी तांड्यावर आलात तवा ज्वारी पाहिली, तुरी पाहिल्या, तुमाला वाटलं असंल हे तर पहिल्यापासून शेतकरी. तसं न्हाई. माझ्या आज्यापर्यंत आमचं रान म्हणजे बैलाची पाठ. समुद्रावरून मीठ भरायचं, पाठीवर दोन्हीकडं गोण्या, शेकडा-दीडशे बैल एका मागं एक, म्होरच्या बैलाच्या शिंगाला कवड्या, गळ्यात घंटा, त्याच्या पाठीवर गोणी न्हाई टाकायची, तो देवाचा, तो नुसता वाट काढायचा. तुमच्या पणज्यानं जी भाजी चवीनं खाल्ली तिच्यातलं मीठ आमच्या पणज्यानं आणलेलं हाय, हे मी ओळीत लिहून दिलं तरी कुणी मानत न्हाई. मंग हिंगोलीला रेल आली, मीठ रेलीत बसलं, आन् आमी खाली उतरलो. बा कडं सात-आठ बैल राहिले व्हते, तो इथल्या इथं सेनगाव, पुसेगावच्या बाजाराला कुणाचं धान्य न्यायचा, कुणाचा कापूस न्यायचा, पण एका साली गुरांचा रोग बुळकांड्या आला आन् आठ दिवसांत दावणी मोकळ्या झाल्या. बा त्या दावणीकडं बघत बसायचा. वरीसभरात तोबी गेला.

माझी आई, आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, तिला लिहायला येत न्हाई, पण मुक्काम येतात. मुक्काम म्हणजे काय सांगू तुमाला, तुमच्या घरात लेकराला जसे पाढे शिकवतात तसे आमच्या घरात लदेणीचे, म्हणजे बैलांवर माल लादून चालायच्या वाटेचे, मुक्काम शिकवतात. साखऱ्यापासून समुद्रापर्यंत वाटेत कुठं कुठं बैल सोडायचे, तिथली खूण काय, आन् तिथलं पाणी कुणी काढलं. पहिला मुक्काम नाल्याचा, पाणी देवाचं. दुसरा पुसेगावचा, विहीर गावाची, विचारून भरा. तिसरा अमुक, चौथा तमुक, असं म्हणत म्हणत याडी आमाला भाकरीच्या तुकड्यासंगं एक एक मुक्काम भरवायची. आन् घरातली एक चाल, ती मोडायची न्हाई. पाणी ज्यानं काढलं असंल त्याचं नाव घ्यायचं आन् पहिली ओंजळ भुईला सोडायची, दुसरी आपल्या तोंडाला. तहान कितीबी असू द्या. मी एकदा लहानपणी नाव न घेता प्यालो तर याडीनं पाठीत असा धपाटा घातला की पाणी नाकातून बाहेर आलं.

बा गेल्यावर तांड्यावर मुकादम आला, म्हणला गोदावरीच्या पल्याड तेलंगणाच्या अंगाला डोंगरात कोळसा निघून राहिला, लढाईचे दिवस आहेत, माणूस पाहिजे. मी गेलो. बायको गोमली, आमची सोनी तवा पाळण्यात, आन् याडी, तिघी तांड्यावर राहिल्या. त्या डोंगराला आमी मजूर काळडोंगर म्हणायचो. झाडी अशी दाट की पाहून डोळे निवतात, आन् पोटात सगळा काळा अंधार. वरीसभर मी खाणीत टोपल्या ओढल्या. थुंकलं तरी काळं, रडलं तरी काळं. पण मला चार बोली येत व्हत्या, घरची, मराठी, हिंदुस्थानी आन् कामापुरती तेलुगू, आन् डोंगर चढताना मला धाप लागत न्हाई, हे मॅनेजरसाहेबाच्या मुन्शीनं पाहिलं. म्हणला चल, तू वर ये, पाहुण्यांना जागा दाखवायचं काम कर.

कसल्या जागा म्हणता? त्या डोंगरात पाहण्यासारखं लई व्हतं, खोटं काहून बोलू. एक धबधबा, एक पडक्या किल्ल्याचा दरवाजा, एक कडा जिथून खाली कोसभर जंगल दिसतं, एक गुहा, आन् एक बारव. कंपनीला कोळसा विकायचा, मोठ्या लोकांची मर्जी पाहिजे, मंग हैद्राबादहून अंमलदार यायचे, गोरे इंजनेर यायचे, त्यांच्या बाया यायच्या, डबे, छत्र्या, कॅमेऱ्याची पेटी, आन् मी खाकी टोपी घालून म्होरं. आता ऐका ही मंडळी काय करायची. कड्यावर एक लोखंडी बाकडं ठेवलं व्हतं, ते असं रोवलं व्हतं की बसणाराचं तोंड दरीकडं आन् पाठ खाणीकडं. मान वळवली तरच आमची चाळ दिसायची, तर तिथंबी बांबूचे तट्टे उभे केले. धबधब्याच्या वरच्या डोहात मजुरांच्या बाया कपडे धुवायच्या, पाणी भरायच्या, तर पाहुण्यांच्या दिवशी सकाळपासून तिथं पहारा, कुणी भांडं बुडवायचं न्हाई, का तर धबधब्याचं पाणी गढूळ दिसतं. दोनशे घरांच्या चुली दुपारपर्यंत थंड, कारण खाली कुणीतरी छत्री धरून वाहवा म्हणून राहिलं. मला सांगा, निसर्ग पाहायला आलात ना, मंग माणूस काय निसर्गाच्या बाहेरचा हाय?

बारवेला तर कुलूपच. नितळ पाणी, उन्हाळ्यात आटत न्हाई, आन् चाळीतले लोक कोळशाच्या नाल्याचं पाणी फडक्यानं गाळून पीत व्हते. कुंपण घातलं, पाटी लावली, राणीची बारव. ही पाहायची वस्तू हाय, प्यायची न्हाई, असं पहारेकरी सांगायचा. किल्ली माझ्याकडं. पाहुण्यांच्या दिवशी मला एक हंडा भरून न्यायची मुभा व्हती, ती मी नेत व्हतो. शेजारची पोशम्मा माझ्या हंड्याकडं बघायची आन् म्हणायची, राणीकडून जेवण आलं न्हाई का रं संगं? मी हसून घ्यायचो. लाज वाटायला पाहिजे व्हती.

राणी कुठून आली तेबी सांगतो. मुन्शीनं वाचून वाचून माझ्याकडून हिंदुस्थानीतला मजकूर पाठ करून घेतला. मी विचारलं, राणीचं नाव काय म्हणू? मुन्शी जेवत व्हता, भाकरी हातात, म्हणला चांद रानी, मंग घास थांबला, म्हणला नको, चांदबी माझ्या सासूचं नाव हाय, महताब म्हण. झालं. एवढ्यात एक राणी जन्माला आली. मंग मी तीन वर्षं पाहुण्यांना हात जोडून सांगितलं, हुजूर, यह वह बावली है जहाँ महताब रानी स्नान को आती थीं. सातव्या पायरीवर एक खूर कोरलेला व्हता, त्याच्यावर काठी टेकवून म्हणायचो, और यह देखिए, रानी के घोड़े की टाप. बाया हातरुमाल तोंडाला लावायच्या, म्हणायच्या किती हौशी राणी! मी बैलवाल्याचं पोरगं. मी तीन वर्षं त्या खुराकडं बघत व्हतो आन् मला तो घोड्याचा दिसत व्हता, कारण मुन्शीनं तसं पढवलं व्हतं.

तीन होळ्या मी तांड्यावर गेलो न्हाई. आमच्यात होळीला माणूस तांड्यावर न्हाई म्हणजे मेला तरी न्हाईतर बिघडला तरी. चौथ्या होळीला याडीच आली. रेलीत, लॉरीत, पायी, विचारत विचारत, फेटियाचा, आमच्या बायांच्या घागऱ्याचा, घेर सावरत, दंडापर्यंत पांढऱ्या हाडाच्या बांगड्या, बलिया, खळखळवत माझ्या दारात उभी राहिली. म्हणली, पाहायला आले तू कोण झालास ते. मला टोपीचा डौल, मी म्हणलं चल याडी, तुला राणीची बारव दाखवतो.

होळीचा दिवस, कामाला सुट्टी, पाहुणे न्हाईत, कुलूप काढून मी तिला आत नेलं, आन् काय सांगू तुमाला, मी तिला सगळा मजकूर म्हणून दाखवला, हुजूर म्हणून, जसा पाहुण्यांना म्हणत व्हतो तसा. ती एक एक पायरी उतरत व्हती. सातव्या पायरीवर मी काठी टेकवली, रानी के घोड़े की टाप म्हणलं, तशी ती बसली. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मंग माझ्याकडं वर बघून म्हणली, रूपला, घोड्याचा खूर कसा असतो?

म्हणलं, गोल.

आन् बैलाचा?

मी खाली पाहिलं. त्या खुराला मधून चीर व्हती. दोन फाका. लेकराला कळंल अशा दोन फाका. याडी म्हणली, तुझ्या बा नं हयात बैलांच्या खुराला नाल ठोकण्यात घालवली आन् तू बैलाला घोडा म्हणून राहिला? कुणाचं खाऊन राहिला रं तू?

मंग ती उठली, पायऱ्या मोजल्या, सतरा. वड पाहिला. दोन्हीकडचे डोंगर पाहिले. आन् हळू आवाजात म्हणायला लागली, जे मी भाकरीच्या तुकड्यासंगं गिळलं व्हतं ते, अठरावा मुक्काम दोन डोंगरांच्या मधी, वडाखाली, सतरा पायऱ्या, सातवीवर म्होरच्या बैलाचं पाऊल, पाणी लखमा नाईकाचं, तांड्यानं खोदलं, मागू नका, प्या. पहिली ओंजळ नाव घेऊन भुईला, दुसरी तोंडाला, तिसरी माझ्या तोंडाला, मी मोठा बाप्या, तिनं मला लेकरासारखं पाजलं. म्हणली, परवा मी इथं भोग लावते, गूळ-तूप विस्तवावर सोडते, लखमा नाईकाला किती वर्षं कुणी दिला नसंल. मी म्हणलं याडी, परवा पाहुणे हायत, दुपार ढळल्यावर ये. ती म्हणली, सासऱ्याच्या आज्याच्या पाण्यावर मी साहेबाची वेळ विचारून येऊ? काहून?

ती सकाळीच आली. चाळीतल्या बायांनी तट्ट्यामागच्या वाटेनं तिला आणलं, कुंपणाच्या तारा त्यांनी हातांनी वर धरल्या. मी पाहुण्यांना घेऊन पायऱ्यांच्या तोंडाशी आलो तर सातव्या पायरीवर माझी आई बसलेली, म्होरं मातीच्या वाटीत विस्तव, पानावर गूळ, लहानशा लोटीत तूप. पाहुण्यांना वाटलं ही बी पाहायचीच वस्तू. एका बाईनं कॅमेरा काढला. मॅनेजरसाहेब माझ्याकडं बघून हसले, त्यांना वाटलं मीच सजावट केली. मी मजकूर म्हणायला लागलो. तोंड चालू व्हतं, मी न्हाई. टाप म्हणालो आन् याडी खालून मोठ्यानं म्हणाली, घोडा न्हाई! बैल! लखमा नाईकाचा बैल!

कॅमेरावाल्या बाईनं विचारलं, काय म्हणते ही?

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात माझी टोपी व्हती, किल्ली व्हती, हंडा व्हता आन् पुन्हा खाणीत उतरणं व्हतं. मी म्हणलं, भिकारन है हुजूर, दिमाग फिर गया है.

हिंदुस्थानी तिला येत न्हाई असं मला वाटायचं. भिकारन कळायला किती हिंदुस्थानी लागते? तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आन् मंग बोललीच न्हाई. पहारेकऱ्यांनी उचललं तवाबी न्हाई. तिचा हात दगडाला आपटून दंडावरची एक बलिया फुटली, तिचे तुकडे पायऱ्यांवरून खाली पाण्यात गेले, तवाबी न्हाई. लोटी कलंडली, तूप खुरावर सांडलं, खूर चकाकला, आन् ती कॅमेरावाली बाई म्हणली, आता फोटो चांगला येईल.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित आजबी टोपी घालून हिंडलो असतो, खरं सांगतो. पण पाहुण्यांत एक गुरांचा डाक्टर व्हता. तो वाकला, चकाकणाऱ्या खुराकडं बघितलं, आन् हसत सुटला, म्हणला मॅनेजरसाब, तुमची राणी काय बैलावर बसून न्हायला यायची? सगळे हसले. माझ्या आईनं तेच सांगितलं तर ती वेडी, डाक्टरनं सांगितलं तर तो विनोद. मॅनेजरसाहेबांचं तोंड लाल झालं. आन् तुमाला वाटंल आता पाटी बदलली असंल, चूक सुधारली असंल. सुधारली! पाटी न्हाई सुधारली, खूर सुधारला.

इमामभाईला बोलावलं. इमामभाई आपल्या पुसेगावचा, टाकी-हातोड्याचा माणूस, खाणीच्या तोंडाची दगडी कमान त्यानंच बांधलेली. त्याला हुकूम, मधली चीर बुजव आन् टाप गोल कर. संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला, टोपी काढून बसला, म्हणला, रूपला, मेरेकू बोलते, फाक भर दे. मैं बोला साब, बैल का पाँव है, वो बोले कल से घोड़े का है. तेरी अम्मा किधर है? मी म्हणलं गेली. ती त्याच दिवशी निघून गेली व्हती, मला न सांगता, पोशम्मानं तिला रेलीपर्यंत सोडलं. इमामभाई म्हणला, तू छोड़ने कू भी नहीं गया? मंग म्हणला, मैं तो पत्थर का काम करता, तू काय का करता रे?

मी मंगबी चार दिवस टोपी घातली, हे लिहा. पाचव्या दिवशी नवीन पाहुणे आले, मी सातव्या पायरीवर काठी टेकवली, खाली पाहिलं तर नवा चिरा, नवा खूर, गोल, गुळगुळीत, दगडाची पांढरी पूड अजून सांध्यात. तीन वर्षं मी खोटं बोललो तवा खालचा दगड तरी खरा व्हता. आता दगडबी माझ्यासारखा झाला. रानी के, एवढं म्हणलं आन् पुढं जीभ उचलेना. किल्ली मी त्या पायरीवर ठेवली आन् वर चढून आलो. मागून मुन्शी ओरडून राहिला, अरे मजकूर पुरा तो कर!

घरी आलो. याडीनं भाकरी वाढली, कालवण वाढलं, कसा आलास विचारलं, रेलीत जागा भेटली का विचारलं. बाकी काही न्हाई. शिव्या दिल्या असत्या, धपाटा घातला असता, तर मी तिच्या पायावर पडलो असतो, पण तिनं ती जागाच ठेवली न्हाई. आन् मंग एके दिवशी ती सोनीला मुक्काम शिकवून राहिली व्हती, मी बाजेवर पडून ऐकत व्हतो. पंधरावा, सोळावा, सतरावा. सोनी म्हणली, सतरा मंग काय आजी? याडी म्हणली, मंग समुद्र. अठरावा तिनं गाळला. मी उठून म्हणलं, याडी, अठरावा राहिला. ती म्हणली, तिथं भिकारनी बसतात, आपला मुक्काम न्हाई तिथं.

दुसऱ्या साली इमामभाई काम सोडून पुसेगावला परतला, आन् बैलगाडी घेऊन आमच्या तांड्यावर मला बोलवायला आला, म्हणला चल, तेरी अमानत है. त्यानं चीर बुजवलीच नव्हती. खुराचा अख्खा चिरा पायरीतून कापून काढला, त्या जागी नवा बसवला, आन् जुना आपल्या हत्यारांच्या पेटीत तळाला ठेवून इथवर आणला, पेटी उचलताना हमालानं विचारलं तर म्हणला, घर का पाटा है, मसाला वाटायचा. मी तांड्यावर आणतो म्हणलं, तर याडी म्हणली नको, ज्यानं राखला त्याच्या दारात राहू दे. मंग तो त्याच्या उंबऱ्याजवळ लावला.

मधल्या काळात मी वाचायला शिकलो. इथून वऱ्हाडची हद्द जवळ, पलीकडून चळवळीची पत्रकं यायची, मी ती गोणीत कडब्याखाली घालून आणायचो, आज्यानं मीठ आणलं तशी. पत्रकात लिहिलेलं असायचं, जुलमाखाली दबलेल्या प्रजाजनांनो उठा. मी उठलो. लई जण उठले. मंग यंदा पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आमी तांड्यावर हलगी वाजवली. आन् चार दिवसांनी कळलं की आमच्यातलेच काही, हो, संगं पत्रकं वाटणारे, आता मुसलमानांची घरं शोधत हिंडून राहिले, पुसेगावात इमामभाईच्या गल्लीत शिरले. मी पळत गेलो. याडी माझ्या आधी पोचली व्हती. इमामभाईच्या दारात, खुराच्या चिऱ्यावर, फेटिया पसरून बसलेली, एका दंडावर बलिया भरलेल्या, दुसऱ्यावर एका बलियाची जागा रिकामी, ती तिनं पुन्हा भरली न्हाई. पोरं म्हणली, म्हातारे ऊठ. ती म्हणली, मला एकदा उचललंय, आता उचलून दाखवा. मी तिच्या शेजारी बसलो. म्हणलं, ही माझी आई हाय. एवढंच म्हणलं. चार वर्षं उशीर झाला व्हता, पण म्हणलं. पोरं शिव्या देत गेली. इमामभाईनं आतून पाणी आणलं, याडीनं पहिली ओंजळ भुईला सोडली, इमामचं नाव घेतलं, दुसरी प्याली.

तवा मला वाटलं आता ती अठरावा म्हणंल. न्हाई म्हणली. तो दगड जागेवर न्हाई तवर न्हाई.

मंग मी नव्या सरकारला अर्ज केला. याडीचं नाव, दिवस, सगळं बराबर लिहून. उत्तर आलं की सदर बारव महताब राणीने बांधल्याची नोंद असून अर्जदाराने पुरावा सादर करावा. मुन्शीला सासूचं नाव टाळताना सुचलेली राणी आता सरकारी कागदात हाय, आन् पुरावा आमी द्यायचा! झेंडा बदलला, पाटी तीच. कुंपण तेच. चाळीतले लोक अजून नाल्याचंच पाणी गाळून पिऊन राहिले.

माझी आई आता थकली. दिसायला कमी झालं, पण सोनीला अजून शिकवते, सोनी नऊ वर्षांची झाली, तिला सतरा मुक्काम पाठ हायत. तुमचं भलं होवो, तुमी बसून ऐकलं, पण मला तुमची हळहळ नको. जे हे वाचून राहिले त्या सगळ्यांकडं माझं मागणं हाय, आन् ते मी भीक म्हणून मागत न्हाई. तो डोंगर पाहायला तुमी जाता, मास्तरलोक पोरांच्या सहली नेतात, पुढंबी न्याल. धबधबा पाहा, दरवाजा पाहा, कड्यावरच्या बाकड्यावर बसाल तर एकदा उलटं बसा, खाणीकडं तोंड करून. मंग बारवेत उतरा, सातव्या पायरीवर थांबा, वाका, आन् बोट फिरवा. गोल लागंल. तवा वाटाड्याला सगळ्यांच्या देखत मोठ्यानं विचारा, इथला दोन फाकांचा खूर कुठं हाय? तो हसला तर पुन्हा विचारा. कचेरीत जाऊन विचारा, लिहून विचारा, दहा जण मिळून विचारा. चिरा पुसेगावात तयार हाय, इमामभाई म्हणतो हत्यारं घेऊन मी स्वतः येतो. पहिली ओंजळ लखमा नाईकाचं नाव घेऊन भुईला सोडा, कुलूप काढायला लावा, दुसरी ओंजळ चाळीतल्या लेकराला द्या. आन् हे माझी आई हाय तवरच करा. सतरानंतर ती माझ्या पोरीला समुद्र शिकवून राहिली हाय. मधला मुक्काम तिला परत आणून द्या.